पीपीओ स्वीकारण्याआधी: आपली मूल्ये नेमकी कोणती, हे कसे ओळखावे?

कृष्णाकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेत एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला असून वित्त हा माझा मुख्य विषय आहे. उन्हाळ्यातील इंटर्नशिप मी मुंबईत एका खासगी बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागात केली आणि तिथूनच मला पीपीओ (इंटर्नशिपच्या जोरावर आधीच मिळणारा नोकरीचा प्रस्ताव) मिळाला आहे. पॅकेज चौदा लाखांचे आहे. दुसरीकडे, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत (शेतकरी सभासदांच्याच मालकीच्या कंपनीत) वित्त आणि खेळते भांडवल सांभाळण्याचे काम मला देऊ करण्यात आले आहे. तिथे वर्षाला सहा ते सात लाख मिळतील. माझ्यावर दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज आहे. पीपीओबाबतचा निर्णय अंतिम प्लेसमेंट सुरू होण्यापूर्वी कळवायचा आहे.

माझी अडचण केवळ पैशांची असती तर कागदावर आकडेमोड करून मी मोकळा झालो असतो. इंटर्नशिपच्या काळात दर सोमवारी जी आढावा बैठक होई, तीत कोणत्या ग्राहकाची गरज काय आहे यावर चर्चा झालेली मी ऐकली नाही. कोणत्या योजनेचे टार्गेट किती शिल्लक आहे एवढाच विषय असे. माझ्या वडिलांचे फलटण भागात कृषी सेवा केंद्र आहे. गरज नसलेले औषध ते शेतकऱ्याच्या गळ्यात मारत नाहीत, आणि त्यामुळे होणारा तोटा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तेच वडील आज मला बँकेची नोकरी घे असे सांगत आहेत.

प्रवेशाच्या मुलाखतीत ग्रामीण भागासाठी काही करायचे आहे असे मी सांगितले होते, आणि माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक जणांनी तेच सांगितले असावे. आता त्याच वर्गाच्या पसंतीक्रमात कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि प्रॉडक्ट मॅनेजमेंट यांशिवाय काही दिसत नाही. आमची मूल्ये दीड वर्षात बदलली, की ती मुळातच नव्हती? आणि जी शिल्लक आहेत त्यांतली माझी कोणती व आजूबाजूच्या गर्दीची कोणती, हे कसे ठरवावे? अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खडूफळा

प्रश्न चांगला मांडला आहे. मी व्यवस्थापन शाखेत बरीच वर्षे शिकवतो आहे आणि प्लेसमेंट समितीच्या कामातही असतो, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

मूल्ये बदलतात का, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी होकारार्थी आहे. अमेरिकेतील अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटने २००१ च्या सुमारास एमबीएच्या विद्यार्थ्यांची मते अभ्यासक्रमाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तपासली होती. कंपनीचे पहिले कर्तव्य कोणते या प्रश्नाला सुरुवातीला ग्राहकाची गरज आणि मालाचा दर्जा अशी उत्तरे येत, तर शिक्षण संपता संपता भागधारकांचा लाभ हे उत्तर वर सरकलेले दिसले. आमच्या वर्गांतही असेच होते, आणि त्याला अभ्यासक्रमाइतकीच वसतिगृहातील रात्रीची चर्चा कारणीभूत असते असे माझे निरीक्षण आहे.

तरीही तुमच्या वर्गाचा पसंतीक्रम हा तुमच्या मूल्यांचा आरसा आहे, असे मी मानणार नाही. प्लेसमेंटची रचना पाहा. अधिक पॅकेज देणाऱ्या कंपन्यांना पहिले दिवस दिले जातात, कारण संस्थेची सरासरी त्यांवर ठरते आणि ती सरासरी पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापली जाते. एक प्रस्ताव मिळालेला विद्यार्थी बहुतेक ठिकाणी पुढील प्रक्रियेतून बाहेर पडतो. सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या, विकास क्षेत्रातील संस्था आल्याच तर शेवटी येतात, म्हणजे ज्याला आधी काही मिळाले नाही त्याच्याच वाट्याला. त्यामुळे तिकडे जाणारा विद्यार्थी ‘उरलेला’ ठरतो आणि ज्याला खरोखर जायचे असते तोही कचरतो. अशा रांगेत उभे राहून केलेल्या निवडीला ‘विद्यार्थ्यांची मूल्ये’ असे नाव देणे मला अन्यायाचे वाटते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एमआयटीच्या स्लोन स्कूलमधील एडगर शाइन यांनी १९६१ ते १९६३ या काळात व्यवस्थापनाच्या ४४ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि दहा-बारा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. कंपन्या तरुणांच्या मनावर आपली मूल्ये कशी ठसवतात, हे त्यांना शोधायचे होते. प्रत्यक्षात त्यांना आढळले ते असे, की नोकऱ्यांचे तपशील माणसागणिक वेगळे असले तरी एकाच माणसाने निरनिराळ्या वेळी दिलेली कारणे एकमेकांशी विलक्षण जुळत होती. जिथे काम मनाला पटले नाही तिथून तो माणूस वारंवार एकाच दिशेला परतत होता. या ओढीला शाइन यांनी ‘करिअर अँकर’, म्हणजे कारकिर्दीचा (जहाजाला असतो तसा) नांगर, म्हटले. आधी त्यांनी असे पाच नांगर मांडले: तांत्रिक प्रावीण्य, व्यवस्थापकीय अधिकार, स्वायत्तता, सुरक्षितता आणि उद्योजकता. पुढे सेवाभाव, निखळ आव्हान आणि जीवनशैली हे तीन त्यांत आले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, हा नांगर प्रत्यक्ष कामाची काही वर्षे गेल्याशिवाय माणसाला स्वतःलाही स्पष्ट दिसत नाही, असे शाइन यांचे मत होते. म्हणून आजच सर्व कळले पाहिजे हा हट्ट सोडावा. मात्र दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये ज्या एका गोष्टीने तुम्हाला अस्वस्थ केले, तिची नोंद ठेवावी.

आणखी एक सांगतो. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्यांची वर्तुळाकार मांडणी केली. तीत शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढून धरतात. कर्तृत्व आणि सत्ता यांच्या समोर परहित व सर्वांचे कल्याण येते, तर स्वयंनिर्णयाच्या समोर सुरक्षितता, परंपरा आणि इतरांशी जुळवून घेणे येते. ही सर्व मूल्ये कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात असतातच, फरक असतो तो क्रमाचा. म्हणून ‘माझ्यात सेवाभाव आहे का’ असे स्वतःला विचारून काही हाती लागणार नाही. सेवाभावासाठी मी काय सोडायला तयार आहे, असे विचारावे.

बांधावरचा

सरांचे लिखाण अभ्यासपूर्ण आहे, परंतु मूल्यांची चर्चा ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्यालाच परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी आधी कर्ज फेडावे.

जमाखर्च

वरील मताशी मी निम्मा सहमत आहे, म्हणून उरलेल्या निम्म्याचा हिशेब मांडतो.

दहा लाखांचे कर्ज साडेदहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे ठरवले तर मासिक हप्ता सुमारे २१,५०० रुपये येतो. तेच दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर तो सुमारे १३,५०० रुपये होतो. एकूण परतफेड पहिल्या पर्यायात सुमारे १२ लाख ९० हजार आणि दुसऱ्यात सुमारे १६ लाख २० हजार होईल. म्हणजे लांबच्या मुदतीसाठी सव्वातीन लाखांहून थोडे अधिक मोजावे लागतात. प्रत्यक्ष व्याजदर आणि शिकत असतानाच्या काळातील साचलेले व्याज धरून आकडे थोडे बदलतील, पण चित्र हेच राहील.

माझा सल्ला असा, की नोकरी कोणतीही घेतली तरी मुदत लांबचीच घ्यावी आणि हातात पैसे येतील तसे मुद्दल आधी भरत जावे. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना आकारता येत नाही. हप्ता लहान असला की नकार देण्याची मोकळीक राहते. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच. नवीन प्रणालीत ती नाही, हे गृहीत धरूनच तुलना करावी.

चौदा लाखांच्या पॅकेजकडेही नीट पाहावे. त्यात निश्चित वेतन किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती, आणि जॉइनिंग बोनस असेल तर वर्षभराच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागतो का, हे प्रस्तावपत्रात लिहिलेले असते. मुंबईत घर भाड्याने घ्यायचे आहे आणि नाशिक जिल्ह्यात कदाचित राहण्याची सोय कंपनीच करेल. हे सर्व वजा केल्यावर दोन्ही नोकऱ्यांतील फरक कागदावर दिसतो त्याहून बराच कमी निघेल. तो शून्य मात्र होणार नाही, आणि पाच वर्षांनी वाढत जाईल, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

बांधावरचा

हप्त्याचे गणित पटले. पण मुंबईतल्या माणसाला पाच वर्षांनी पंचवीस लाख मिळतील आणि नाशिकवाल्याला दहा, हे तुम्ही एका ओळीत उरकले आहे.

सावकाश

मी काही वर्षे एका खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर होते. आता सेबीकडे (भांडवल बाजाराच्या नियामकाकडे) नोंदणीकृत असलेल्या एका छोट्या गुंतवणूक सल्लागार संस्थेत काम करते.

प्रश्नकर्त्याने सोमवारच्या बैठकीचे जे वर्णन केले आहे ते मला परिचित आहे. तिथे बसलेली माणसे वाईट नसतात. माझे अनेक सहकारी आईवडिलांच्या औषधपाण्याची, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची जबाबदारी निष्ठेने निभावणारे होते. परंतु ज्या दिवशी इन्सेंटिव्हचा तक्ता हाती येतो त्या दिवसापासून तुमचे लक्ष कुठे जाईल हे तक्ता ठरवतो. विम्याच्या योजनेवर पहिल्या वर्षी मिळणारे कमिशन आणि म्युच्युअल फंडावर मिळणारे कमिशन यांत मोठी तफावत असेल, तर पासष्ट वर्षांच्या ग्राहकाला काय सुचवले जाईल हे वेगळे सांगायला नको.

येस बँकेचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली तर ज्यांची रक्कम बुडू शकते असे रोखे) आठवून पाहा. २०२० च्या मार्चमध्ये बँकेच्या पुनर्रचनेत ८,४०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचे हे रोखे निर्लेखित करण्यात आले, म्हणजे त्यांची किंमत शून्य झाली. मुदत ठेवीसारखेच, फक्त व्याज थोडे जास्त, अशा समजुतीने ते घेतलेले किरकोळ गुंतवणूकदार तक्रारी घेऊन पुढे आले आणि त्यांत निवृत्त लोकही होते. निर्लेखनाचा वाद पुढे न्यायालयात गेला. तो भाग इथे बाजूला ठेवते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सेबीने असे नवे रोखे केवळ संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच देता येतील असा नियम केला. हे रोखे विकणाऱ्यांत एमबीए झालेली, मुलाखतीत प्रामाणिकपणावर बोललेली मुलेमुलीच असणार. त्यांच्यापैकी किती जणांनी रोख्याची अटींची पाने स्वतः वाचली असतील, याचा मी अनेकदा विचार करते.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की बँकेच्या संकेतस्थळावरील मूल्यांचे पान वाचण्यात वेळ घालवू नये. मनुष्यबळ विभागाला सरळ विचारावे की वार्षिक मूल्यांकनात विक्रीचा वाटा किती आणि ग्राहकांच्या तक्रारींचा किती; महसुलाचे टार्गेट योजनानिहाय असते की एकूण; ग्राहकाच्या हितासाठी विक्री टाळली तर त्याची नोंद कुठे होते का. उत्तर मिळाले तरी उपयोग आहे आणि टाळाटाळ झाली तरी उपयोग आहे.

आणि वित्त क्षेत्र सोडून गावाकडे जाणे हाच एक नैतिक मार्ग आहे, असा समज करून घेऊ नये. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांसंबंधीचे विनियम २०१३ मध्ये आले. नोंदणीकृत सल्लागार ग्राहकाकडून थेट शुल्क घेतो आणि त्याच ग्राहकाला विकलेल्या योजनांवर कमिशन घेऊ शकत नाही. माझे उत्पन्न बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांहून कमी आहे, पण ग्राहकाला ‘सध्या काहीच करू नका’ असे सांगण्याचे मला पैसे मिळतात. क्षेत्र तेच राहिले, पैसे देणारा बदलला.

द्राक्षमळा

मी आणंदच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत शिकले आणि आज नाशिक जिल्ह्यातल्या एका उत्पादक कंपनीत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे लिहिते. (तुम्हाला बोलावणारी कंपनी आमचीच असेल तर हा लेख नोकरीच्या जाहिरातीसारखा वाचू नये.)

वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये ‘इर्मा’ उभी केली ती मुळात सहकारी संस्थांना स्वतःचे व्यवस्थापक मिळावेत म्हणून. शहरी व्यवस्थापन संस्थांतून बाहेर पडणारी मुले दूध संघात येत नव्हती. २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने तिचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर झाले. अशा हेतूने स्थापन झालेल्या संस्थेतूनही अनेक जण खासगी बँकांत आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्यांत जातात. त्यांना मी दोष देत नाही. संस्थेचे मूल्य विद्यार्थ्याच्या अंगी आपोआप उतरत नाही, एवढेच यातून दिसते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. द्राक्षाचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असतो आणि त्या काळात वित्त सांभाळणाऱ्याची परीक्षा असते. निर्यातीचे पैसे माल परदेशी पोहोचून तपासणी झाल्यावर येतात, तर शेतकऱ्याला ते लवकर हवे असतात, कारण मजुरी आणि औषधांची उधारी थांबलेली असते. दर चढला की व्यापारी बांधावर येऊन रोख मोजतो आणि सभासद आपला माल त्याला देऊन टाकतो. आपण खरेदीदाराला शब्द दिलेला असतो. अशा वेळी सभासदावर कारवाई करायची, की त्याची अडचण समजून घ्यायची? कंपनी टिकवणे आणि आज दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मदत करणे ही दोन्ही मूल्येच आहेत, आणि त्यांची टक्कर होते. वडिलांच्या दुकानात तुम्ही हे पाहिलेले आहे. तिथे ते एका माणसापुरते होते, इथे ते शेकडो सभासदांच्या सभेत होते, आणि सभेत गावकीचे राजकारणही येते.

‘सामाजिक’ हे विशेषण लागले म्हणून काम सुरक्षित होत नाही, याचे मोठे उदाहरण म्हणजे २०१० मधील आंध्र प्रदेशातील सूक्ष्मवित्ताचे संकट. गरीब स्त्रियांना तारणाशिवाय कर्ज, या उदात्त कल्पनेवर उभ्या असलेल्या कंपन्या वाढीच्या मागे लागल्या. एकाच घराला अनेक संस्थांची कर्जे झाली आणि वसुलीचा जाच व आत्महत्यांच्या बातम्यांनंतर राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने पुढे, २०२२ च्या चौकटीत, कर्जदार कुटुंबाच्या एकूण हप्त्यांवर मासिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली. त्या कंपन्यांत सेवाभावाने गेलेली मुलेही होती. सावकाश यांनी इन्सेंटिव्हच्या तक्त्याविषयी जे लिहिले आहे, ते तिथेही तितकेच लागू होते.

आणखी एक गोष्ट आधी कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. मुलींच्या बाबतीत ‘वैयक्तिक मूल्ये’ बऱ्याचदा घरच्यांच्या पसंतीतून ठरतात. माझ्या एका वर्गमैत्रिणीला ग्रामीण भागातले काम मनापासून हवे होते, पण तालुक्याच्या गावी एकटी राहणार या एका कारणावरून घरी नकार आला आणि ती पुण्यात एका कंपनीच्या कार्यालयात रुजू झाली. सर्वेक्षणात तिची नोंद ‘सुरक्षिततेला प्राधान्य’ अशी होईल. प्रश्नकर्त्याला वडिलांशी वाद घालायला तरी जागा आहे.

खडूफळा

बांधावरचा यांच्या मताला उत्तर द्यायचे राहिले होते. कर्ज आधी फेडावे, हेदेखील एक मूल्यच आहे. वडिलांनी ज्या कर्जाला सहकर्जदार म्हणून सही केली ते लवकर फेडणे, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी घरावरचा भार कमी करणे, यांना ‘परिस्थिती’ म्हणायचे आणि गावात जाऊन काम करण्याला ‘मूल्य’ म्हणायचे, ही विभागणी मला पटत नाही.

मात्र पॅकेज हाच सुरक्षिततेचा पुरावा मानू नये. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांच्या कंपन्या काही वर्षे व्यवस्थापन संस्थांमधून चांगल्या पगारावर मुले घेत होत्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो सगळा व्यवसाय काही दिवसांत थांबला. ज्यांनी तत्त्व म्हणून तिकडे जाणे टाळले त्यांचे बरोबर ठरले, असा अर्थ यातून काढू नये; कायदा झाला नसता तरी त्यांचे कारण तितकेच योग्य किंवा अयोग्य राहिले असते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. सावकाश यांनी सुचवलेले प्रश्न मी बँकेच्या मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आले, की पहिल्या वर्षी मूल्यांकनात विक्रीचा वाटा सत्तर टक्के असतो. तक्रारींविषयीच्या प्रश्नावर ‘रुजू झाल्यावर सविस्तर सांगितले जाईल’ असे उत्तर आहे. वडिलांना मी ते दाखवले. त्यांनी थोडा वेळ वाचले आणि कीटकनाशकांच्या कंपन्याही विक्री वाढावी म्हणून वितरकांना परदेशी सहली देतात, त्यामुळे यात नवीन काय, असे म्हणाले. सहलीला ते स्वतः कधी गेले नाहीत, हे मात्र मला माहीत आहे.

उत्पादक कंपनीबाबत माझी एक शंका आहे. तिथे दोन-तीन वर्षे काम केल्यावर पुन्हा बँकिंगकडे वळायचे ठरले, तर तो अनुभव धरला जातो का?

द्राक्षमळा

संपत्ती व्यवस्थापनात तो फारसा धरला जाणार नाही, हे आधी सांगते. कृषी कर्ज, मूल्यसाखळी वित्तपुरवठा (शेतापासून बाजारापर्यंतच्या टप्प्यांना कर्ज) आणि ग्रामीण बँकिंग या विभागांत मात्र धरला जातो, कारण उत्पादक कंपनीचे खेळते भांडवल आतून पाहिलेली माणसे बँकांकडे कमी आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना जाहीर केल्यापासून अशा कर्जांचे प्रस्ताव वाढले आहेत आणि ते तपासणाऱ्याला ताळेबंदाइतकाच हंगाम कळावा लागतो. रुजू होण्यापूर्वी कंपनीचे मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागवून घ्या. सभासदांची देणी किती दिवसांत दिली जातात आणि संचालक मंडळाच्या नातेवाइकांशी किती व्यवहार आहेत, हे त्यांत पाहा. शक्य असेल तर छाटणीच्या दिवसांत एकदा येऊन संचालकांना न भेटता दोन-चार सभासदांना भेटा.

जमाखर्च

आणि कर्जाची मुदत दहा वर्षांचीच घ्या. सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असेल तर मुदत ठरवताना त्यांनाही बँकेत बरोबर न्या.